सपाट पाणी, तिरका वारा: स्पीड विंडसर्फिंगचा दिवस आणि तास कसा ठरवावा

स्पीड विंडसर्फिंगकडे, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून जास्तीत जास्त वेग गाठायच्या खेळाकडे, नव्याने वळलेली मंडळी पहिला प्रश्न वाऱ्याचा विचारतात. किती नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) लागतात? मी उलट विचारतो, तुमचा काठ कुठल्या दिशेला पसरलाय आणि त्या वेळी पाणी कुठवर चढलेलं असेल? ही दोन उत्तरं नसतील तर वाऱ्याचा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे.

हे मी फुकट गेलेल्या एका दिवसातून शिकलो. अंदाज 28 नॉटचा होता, वारा तसाच आला, शीड-बोर्ड सगळं चोख. पण वाळूच्या दांड्यावरून, म्हणजे पाण्यात लांबवर पसरलेल्या वाळूच्या पट्ट्यावरून, पाणी वाहत होतं आणि दांड्यापलीकडची सगळी लाट आत येत होती. बोर्ड दर दोन सेकंदांनी उडत होता, वेग वाढवायची हिंमत होईना. आठवड्याभराने त्याच जागी जेमतेम 22 नॉट वाऱ्यात मी चार नॉट जास्त वेगाने गेलो. दांडा उघडा होता, पाणी काचेसारखं होतं आणि वारा पाठीमागून तिरका येत होता. अंगातली ताकद तीच, सामान तेच. बदलली होती ती वेळ.

म्हणून हा लेख शीड कशी धरावी याबद्दल नाही. आडोशाच्या पाण्यात, म्हणजे खाडी, सागरी सरोवर, दांड्यामागचा उथळ भाग, खारं तळं अशा ठिकाणी योग्य तास कसा हेरायचा, याबद्दल आहे. तुम्हाला बोर्ड प्लेन करता येतो, म्हणजे पाण्याच्या पृष्ठावर उचलून सरकवता येतो, हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) आणि पायपट्ट्या सवयीच्या आहेत, असं गृहीत धरतो.

पहिली पायरी: काठाचा कोन

विंडसर्फर सर्वात वेगाने जातो तो वारा नेमका आडवा असताना नाही, आणि तो थेट पाठीशी असतानाही नाही. तुमच्या जाण्याची दिशा आणि वारा जिथून येतो ती दिशा यांच्यात साधारण 120 ते 135 अंशांचा कोन असावा लागतो. म्हणजे आडव्या वाऱ्यापेक्षा 30 ते 45 अंश खाली. काठालगतच पाणी सपाट मिळत असल्यामुळे तुम्हाला काठाला समांतर जावं लागतं. मग काठाची दिशा हीच तुमची दिशा, आणि कुठल्या वाऱ्यात ही जागा चालेल हे घरी बसून नकाशावर ठरवता येतं.

समजा वाळूचा दांडा बरोबर दक्षिणोत्तर पसरलेला आहे आणि तुमचं पाणी त्याच्या पूर्वेला. तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणार, दांडा डाव्या हाताला. वारा दांड्यावरून, डावीकडून आणि थोडा मागून यायला हवा. उत्तरेपासून डावीकडे 130 अंश मोजले की 230 अंश, म्हणजे नैऋत्य. वारा 225 ते 240 च्या दरम्यान असेल तर हा दांडा उत्तम चालेल. 250 च्या वर गेला की वारा फार आडवा होतो, 210 च्या खाली गेला की फार पाठीशी येतो. हाच दांडा वायव्येच्या वाऱ्यातही चालतो. 310 अंशांवरून वारा आला तर उलट, उत्तरेकडून दक्षिणेला जायचं. कोन पुन्हा 130. एका काठाचे असे दोन वारे असतात. दोन्ही वहीत लिहून ठेवा.

कोनाचा दुसरा परिणाम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काठापासून तुम्ही किती लांब आहात आणि वारा पाण्यावरून किती धावून तुमच्यापर्यंत पोचतो, ही दोन वेगळी अंतरं आहेत. 130 अंशांच्या कोनात वारा काठाला 50 अंशांनी छेदतो. काठापासून 10 मीटरवर असाल तर वाऱ्याला पाण्यावर सुमारे 13 मीटरची धाव मिळते. वारा वळून 150 अंशांवर गेला की तेच 10 मीटर त्याच्यासाठी 20 मीटर होतात. धाव वाढली की चॉप, म्हणजे आखूड, उभ्या लाटांची खळबळ वाढते. वारा काठाला जितका समांतर होत जाईल तितका सपाट पाण्याचा पट्टा अरुंद होतो. अंदाजातले 20 अंश इकडे की तिकडे, यावर दिवस उभा राहतो किंवा पडतो.

कोन मोजताना एक काळजी घ्या. हवामानाचा अंदाज खऱ्या उत्तरेवरून दिशा देतो, होकायंत्र चुंबकीय उत्तरेवरून. काही प्रदेशांत हा फरक 10-15 अंशांपेक्षाही जास्त असतो. शक्यतो उपग्रह नकाशावरच काठाची दिशा मोजा.

काठ कसा असावा

काठ बुटका हवा, आणि त्याचा पाण्याकडचा उतार तीव्र हवा. दोन्ही गोष्टी एकत्र मिळणं दुर्मीळ असतं, म्हणूनच चांगल्या जागा मोजक्या.

बुटका का? कुठल्याही अडथळ्यामागे वारा मंदावतो आणि गिरक्या घेतो. अडथळ्याच्या उंचीच्या 20 ते 30 पट अंतर गेल्याशिवाय तो पूर्ववत होत नाही. तीन मीटर उंच टेकाडामागे 60 ते 90 मीटरपर्यंत वारा तुटका मिळेल. तेवढ्या अंतरात चॉप तयार झालेला असतो, म्हणजे काठाचा फायदा संपला. झाडी आणि इमारती असतील तर ती जागा बादच. इंग्लंडमधल्या पोर्टलंड बंदराला चेसिल बीच या लांबलचक गोट्यांच्या बांधाचा आडोसा आहे. वेमथचा स्पीड वीक तिथे 1970 च्या दशकापासून भरतो आणि 1983 साली विंडसर्फर फ्रेड हेवूडने तिथेच 30.82 नॉट गाठून तीस नॉटची सीमा ओलांडली. पण तो बांध उंच आहे. नैऋत्येचा वारा त्यावरून उतरतो तो झटक्याझटक्यांनी, आणि पूर्ण जोर बांधापासून थोडं दूर गेल्यावरच मिळतो.

तीव्र उतार का? साधं गणित. तुमच्या फिनला (बोर्डाखालच्या पात्याला) आणि सुरक्षिततेला मिळून 60 सेंटीमीटर पाणी हवं असं धरू. तळ दर 50 मीटरला एक मीटर उतरत असेल तर तेवढी खोली काठापासून 30 मीटरवर मिळेल. दर 5 मीटरला एक मीटर उतरत असेल तर 3 मीटरवरच मिळेल. पहिल्या जागी वाऱ्याला जवळजवळ 40 मीटर धाव मिळते, दुसऱ्या जागी चारच मीटर. दुसरीकडे पाण्यावर फक्त सुरकुत्या असतात. विक्रमासाठी मुद्दाम कालवे का खणतात याचं उत्तर इथे आहे. फ्रान्समधल्या सँत-मारी-द-ला-मेरजवळचा कालवा आणि नामिबियातल्या ल्यूडरिट्झचा कालवा, दोन्ही नेहमीच्या जोरदार वाऱ्याला तिरके ठेवून खणलेले आहेत. सँत-मारीला 2005 मध्ये फिनियन मेनार्डने 48.70 नॉट नोंदवले आणि 2008 मध्ये आंतोआन अल्बोने 49.09. अल्बोनेच 2015 मध्ये ल्यूडरिट्झला 500 मीटरवर 53.27 नॉटची सरासरी काढली, म्हणजे ताशी 98 किलोमीटरहून जास्त. 500 मीटर अंतर त्याने 18 सेकंदांच्या आसपास कापलं.

आपल्याला कालवा मिळणार नाही. पण भरती-ओहोटी दररोज तसाच एक काठ तयार करते आणि बुडवते. त्या काठाची वेळ साधणं हेच आपलं काम.

दुसरी पायरी: जागेची कामाची पातळी काढा

प्रत्येक भरतीच्या जागेला पाण्याची एक खालची आणि एक वरची मर्यादा असते. खालच्या मर्यादेखाली फिन तळाला लागते. वरच्या मर्यादेवर गेलं की दांडा किंवा बांध बुडतो आणि बाहेरची लाट आत शिरते. या दोहोंमधल्या पट्ट्याला मी कामाची पातळी म्हणतो. माझ्या मते हा आकडा माहीत असणं कुठल्याही महाग शिडापेक्षा मोलाचं आहे.

तो काढायला उपकरणं लागत नाहीत. पूर्ण ओहोटीला जाऊन तुमचा सगळा मार्ग चालत पाहा. खडक, शिंपल्यांचे ढीग, जुने खुंट, जाळ्यांचे दोर, सगळं पायाखालून जाऊ द्या. मग मार्गावरच्या सर्वात उथळ जागी दर 10 सेंटीमीटरला खूण केलेली काठी रोवा आणि भरतीची वाट पाहा. काठीवर 60 सेंटीमीटर पाणी आलं ती वेळ लिहा. दांड्याचा माथा ओला व्हायला लागला ती वेळ लिहा. घरी येऊन भरतीच्या तक्त्यावरून त्या दोन वेळांची पाण्याची उंची काढा. शांत हवेच्या तीन वेगवेगळ्या दिवशी हे करा, म्हणजे एखाद्या दिवसाची चूक लक्षात येईल.

उदाहरण म्हणून धरू की उत्तर आलं, किमान 1.8 मीटर, कमाल 2.5 मीटर.

तिसरी पायरी: पातळीचं घड्याळात रूपांतर

ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. जुना खलाशांचा ठोकताळा असा, की सहा तासांत चढण्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून हा ‘तास’ 62 मिनिटांचा धरा.

आता उधाणाचा दिवस घ्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात जास्त असतो तो. ओहोटी सकाळी 9 वाजता 0.6 मीटर, भरती 3.6 मीटर. फरक 3 मीटर, एक भाग 25 सेंटीमीटर. दोन तासांनी पाणी 1.35 वर, तीन तासांनी 2.10 वर, चार तासांनी 2.85 वर. म्हणजे 1.8 मीटर साधारण 11:40 ला येईल आणि 2.5 मीटर 12:40 ला ओलांडलं जाईल. तुमच्याकडे एक तास आहे. त्या तासात वारा बसला तर बसला.

आता भांगाचा दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असतो तो. ओहोटी 1.4 मीटर, भरती 2.6 मीटर. एक भाग फक्त 10 सेंटीमीटर. 1.8 मीटर पाणी सुमारे अडीच तासांनी येतं आणि 2.5 मीटर पाचव्या तासाअखेर. चढतीला पावणेतीन तास मिळाले. भरतीच्या शिखराला दांडा थोडा वेळ जेमतेम भिजतो, आणि मग उतरतीला पुन्हा पावणेतीन तास. एकाच जागी, एकाच वाऱ्यात, उधाणाला एक-एक तासाचे दोन तुकडे आणि भांगाला जवळजवळ अख्खा दिवस.

उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, भांग दोन्ही अष्टम्यांनंतर तसंच एक-दोन दिवसांनी. मग नेहमी भांगच बरा का? नाही. काही जागांचा तळ इतका उंच असतो की भांगाच्या भरतीला तिथे पुरेसं पाणीच येत नाही. तिथे उधाणाची वाट पाहावी लागते. तुमच्या जागेचे दोन आकडे माहीत असले की हे तक्त्याकडे पाहताच कळतं.

आणखी एक उपयोगी नियम आहे. भरती दररोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, पण एका ठिकाणी उधाणाची भरती नेहमी दिवसाच्या साधारण त्याच सुमारास येते. तुमच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येत असेल, तर उधाणाला दुपारी दांडा कायम बुडालेलाच असणार. वारा नेहमी दुपारी वाढत असेल तर त्या जागेसाठी उधाणाचे दिवस आधीच बाद करा. उलट भांगाच्या दिवसांत ओहोटी दुपारी येईल. हा हिशेब एकदा केला की वर्षभर पुरतो.

हा ठोकताळा सगळीकडे लागू नाही. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते, आणि बऱ्याच खाड्यांत पाणी पटकन चढतं आणि रेंगाळत उतरतं. काही ठिकाणी तर भरतीचा आलेखच वेगळा असतो. वर सांगितलेल्या पोर्टलंडला ओहोटी दोनदा तळ गाठते, मध्ये पाणी किंचित वर येऊन पुन्हा उतरतं. अशा जागी बारा भागांचा हिशेब सोडून द्या, स्थानिक आलेख वापरा. तक्ता ज्या बंदराचा आहे तिथून तुमच्या जागेचं अंतर लक्षात घ्या आणि घड्याळ उन्हाळी वेळेवर आहे की नाही ते तपासा. एका तासाची ही चूक मी अनुभवी माणसांनाही करताना पाहिलंय.

चौथी पायरी: हवेने केलेली गडबड वजा करा

तक्ता चंद्र-सूर्यावर बांधलेला असतो, आणि आपण जातो तो वादळी हवेच्या दिवशी. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर चढते. नेहमीचा दाब 1013 धरला आणि त्या दिवशी 993 असेल, तर तक्त्यापेक्षा 20 सेंटीमीटर जास्त पाणी. आपल्या उदाहरणात कामाचा पट्टाच 70 सेंटीमीटरचा आहे. त्यातले 20 गेले म्हणजे दांडा अपेक्षेपेक्षा लवकर बुडणार. शिवाय वारा दिवसभर समुद्राकडून खाडीत पाणी ढकलत असेल तर आणखी भर पडते. जमिनीकडून वाहत असेल तर पाणी ओढलं जातं आणि उथळपणा वाढतो.

बंद पाण्यात, म्हणजे भरती नसलेल्या खाऱ्या तळ्यात किंवा सरोवरात, हा वाऱ्याचा परिणामच राज्य करतो. भूमध्य समुद्राला भरती नावापुरतीच. तिथल्या फ्रान्समधल्या ला पाल्मच्या उथळ तळ्यावर त्रामोन्तान वारा झोडपतो तेव्हा पाणी खालच्या टोकाला साचतं आणि वाऱ्याकडचा काठ उघडा पडत जातो. दुर्दैवाने तुमचं सपाट पाणी त्याच वाऱ्याकडच्या काठाला असतं. सकाळी मोजलेली खोली दुपारी गृहीत धरू नका. अशा जागी मी काठी दिवसभर रोवून ठेवतो आणि दर तासाला पाहतो.

भिंतीने अडवलेलं सागरी सरोवर ही तिसरी तऱ्हा. इंग्लंडमधल्या डी नदीच्या मुखाशी असलेलं वेस्ट कर्बीचं सरोवर वेगाच्या वेडाने झपाटलेल्यांना ठाऊक आहे. बाहेर ओहोटीने वाळू उघडी पडली तरी भिंतीच्या आत पाणी टिकतं, आणि पश्चिमेकडचा वारा बुटक्या भिंतीवरून स्वच्छ येतो. पण उधाणाच्या भरतीला समुद्र भिंतीवरून आत येतो आणि ते सपाटपण गायब होतं. म्हणजे तिथे किमान पातळीची चिंता नाही, फक्त कमाल पातळीची. बाहेरचं पाणी उतरलेलं असताना भारी वारा मिळवायचा, एवढाच हिशेब.

प्रवाह: वाऱ्याबरोबर की वाऱ्याविरुद्ध

प्रवाह वाऱ्याविरुद्ध वाहत असेल तर पाण्याला वारा जास्त लागतो. 24 नॉट वारा आणि समोरून 2 नॉट प्रवाह म्हणजे पाण्याच्या दृष्टीने 26. शिडाला बळ मिळतं, पण लाट आखूड आणि ताठ होते. प्रवाह वाऱ्याबरोबर असेल तर पाणी गुळगुळीत राहतं आणि 24 चे 22 होतात. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून हा दोन नॉटचा फरक दाबात सोळा टक्क्यांची घट करतो. जागा अगदी लहान आणि काठ धरून असेल तर मी विरुद्ध प्रवाह पत्करतो, कारण काठाजवळ लाट उठायला जागाच नसते. पट्टा रुंद असेल तर बरोबरीचा प्रवाह बरा.

आणि प्रामाणिकपणाचा मुद्दा. जीपीएस जमिनीवरचा वेग मोजतं, पाण्यावरचा नाही. पाठीशी दोन नॉट प्रवाह असताना आलेला आकडा तेवढ्याने फुगलेला असतो. अशा रनची नोंद करताना शेजारी प्रवाह लिहावा. स्वतःच्या सर्वोत्तम वेगांत मी तो धरत नाही.

चढतं पाणी की उतरतं? जागा अनोळखी असेल तर नेहमी चढतं. फिन वाळूला घासली तर पुढच्या रनला पाणी वाढलेलं असतं. उतरत्या पाण्यात प्रत्येक रन आधीच्यापेक्षा उथळ, आणि मंद उताराच्या काठावर 10 सेंटीमीटर पाणी उतरलं तरी पाण्याची कड कित्येक मीटर सरकते. 30-35 नॉटवर फिन रुतली की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. कामाची खालची मर्यादा ठरवताना सुरक्षिततेसाठी घेतलेलं जास्तीचं पाणी याचसाठी आहे, ते कधीही वापरून टाकू नका.

पाचवी पायरी: वारा वाचा

आता वाऱ्याचा आकडा. 20 वरून 25 नॉटला गेलात तर दाब दीडपटीहून जास्त होतो. सरावलेल्या माणसाला सपाट पाण्यात, योग्य कोनात 20-22 नॉट वाऱ्यात 30 नॉटचा वेग साधतो. 40 च्या पुढे जायला 30 हून बराच जास्त वारा लागतो. सुरुवात करणाऱ्यांनी 18 ते 24 नॉटच्या दिवसांवरच काठ आणि कोन पक्के करावेत असं माझं ठाम मत आहे. भारी वाऱ्यात शिकायला वेळ मिळत नाही.

अंदाजात सरासरी आणि झोत (मध्येच येणारा जोराचा झटका) हे दोन आकडे एकत्र पाहा. 24 सरासरी, 30 झोत हा देखणा वारा. 20 सरासरी, 34 झोत म्हणजे शीड कुठलं लावावं हेच कळणार नाही. थंड हवा गरम पाण्यावरून किंवा तापलेल्या जमिनीवरून आली की ती खालीवर घुसळते आणि वारा झोतांचा होतो. गरम हवा थंड पाण्यावरून आली की वारा गुळगुळीत, पण अनेकदा कमी जोराचा. थंड हवा जडही असते. 5 अंश सेल्सिअसची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के घन असते, म्हणून हिवाळ्यातले 25 नॉट अंगावर वेगळेच जाणवतात.

शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, जाताना वारा एकदम वळतो. उत्तर गोलार्धात नैऋत्येकडून वायव्येकडे, दक्षिण गोलार्धात वायव्येकडून नैऋत्येकडे. आपला दक्षिणोत्तर दांडा आठवा. आघाडी जायच्या आधी एका दिशेने, नंतर उलट दिशेने, दोन्ही वारे त्याला चालतात. आघाडीची वेळ आणि पाण्याची वेळ जुळली तर असा काठ अर्ध्या दिवसात दोनदा फळतो. दुपारच्या समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचं वेळापत्रक मात्र पक्कं असतं, उन्हाबरोबर चढतं, उतरत्या दुपारी शिखर गाठतं. त्याच्यासाठी समुद्राकडच्या बाजूला असलेला दांडा हवा. ल्यूडरिट्झसारख्या जागी थंड समुद्र आणि शेजारचं तापलेलं वाळवंट यांच्यातल्या फरकाने हाच वारा प्रचंड होतो.

प्रत्यक्ष दिवस

दोन दिवस आधी, अंदाजातली दिशा काठाच्या दोन वाऱ्यांशी ताडून पाहा. 15 अंशांच्या आत असेल तरच पुढे जा. भरतीच्या तक्त्यावरून कामाच्या पातळीच्या वेळा काढा, त्यांवर वाऱ्याच्या वेळा ठेवा. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तो तुमचा तास.

त्या सकाळी दाब पाहा आणि पातळी दुरुस्त करा. जवळच्या वारामापकाची गेल्या तीन तासांची प्रत्यक्ष नोंद अंदाजाशी ताडून पाहा. दिशा 10 अंश सरकलेली दिसली तर तेवढी ती दिवसभर सरकलेलीच राहील असं धरून दुसरा काठ निवडायची तयारी ठेवा.

काठावर कामाची पातळी यायच्या एक तास आधी पोचा. मार्ग पुन्हा चाला. शेवाळ आणि गवत किती आहे ते पाहा. चढतं पाणी वाळूवर सुकलेलं गवत उचलून मार्गावर आणून सोडतं, तेव्हा जास्त मागे झुकलेली गवताची फिन लावा. मार्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी वाळूत खुणेच्या काठ्या उभ्या करा. एका काठीला सुताची दोरी बांधली की रनला निघायच्या आधी शेवटच्या क्षणी वाऱ्याची दिशा दिसते.

सामान थोडक्यात. उथळ जागी फिन 18 ते 24 सेंटीमीटरची, बोर्ड अरुंद, आणि शीड असं की झोतात ते धरता येईल. मधल्या मंद वाऱ्यात थोडं कमी पडलं तरी चालेल. आपण झोतासाठीच थांबणार आहोत.

रन असा. मार्गाच्या 150-200 मीटर मागे, वारा आडवा ठेवून वेग घ्या. वाऱ्याच्या बाजूला पाण्यावर गडद डाग सरकताना दिसतो, तो झोत. तो तुमच्यापर्यंत पोचला की बोर्ड हळूहळू खाली वळवा, काठाला समांतर व्हा आणि शीड बंद करत आणा, म्हणजे मागे झुकवून त्याची खालची कड बोर्डाला भिडवा. झोत येण्याआधी खाली वळलात तर शीड रिकामं पडेल. 35 नॉटवर 10 सेकंदांत तुम्ही 180 मीटर जाता, त्यामुळे झोत आणि मार्ग जुळायची संधी एकदाच असते. जुळलं नाही तर रन सोडा आणि चालत मागे या. चालत परत येणं हा वेळेचा अपव्यय नाही. त्यात पाण्याची कड किती सरकली, कुठे खोली कमी झाली, हे सगळं दिसतं.

न जाण्याची कारणं

जमिनीवरून पाण्याकडे वाहणारा वारा आणि उतरतं पाणी, दोन्ही एकाच दिशेने उघड्या समुद्राकडे ओढत असतील तर मी जात नाही. मास्टचा, म्हणजे शिडाच्या डोलकाठीचा, बोर्डाशी असलेला जोड तुटला तर पोहून परत येणं शक्य होत नाही. मार्गाच्या खालच्या बाजूला दुसरा काठ असलेली, चारही बाजूंनी बंद जागाच निवडा. हेल्मेट, मार झेलणारं जाकीट आणि पातळ तळव्याचे बूट घाला. उथळ पाण्यातली पडझड खोल पाण्यासारखी मऊ नसते. एकटे जाऊ नका, आणि काठावरच्या माणसाला तुमची परतायची वेळ सांगून ठेवा. दांड्यावर उभं राहून पाहणाऱ्यांनाही चढतं पाणी मागून वेढतं, त्यांनाही वेळ सांगा. ओहोटीचे दांडे पाणपक्ष्यांची खाण्याची आणि विसाव्याची जागा असतात. राखीव पट्टे असतील तर ते सोडूनच मार्ग आखा, आणि थवा बसलेला असेल तर त्याला उठवून रन घेऊ नका.

नोंदवही

परतल्यावर कपडे वाळायच्या आत लिहा: पहिल्या आणि शेवटच्या रनची वेळ, त्या वेळची काठीवरची खोली, तक्त्यातली पातळी, हवेचा दाब, वाऱ्याची प्रत्यक्ष दिशा आणि झोत, प्रवाह, काठापासूनचं अंतर, फिन, शीड, आणि सर्वोत्तम 10 सेकंदांचा वेग. फक्त 2 सेकंदांच्या शिखरावर जाऊ नका, ते एखाद्या झोताचं दान असू शकतं. 10 सेकंदांची सरासरी पाणी खरंच सपाट होतं का ते सांगते. दहा-बारा नोंदी झाल्या की काठीवरची खोली आणि वेग एका कागदावर मांडा. माझ्या दांड्यावर वेगाचे सगळे चांगले ठिपके पट्ट्याच्या वरच्या टोकाला, दांडा बुडायच्या आधीच्या 25 मिनिटांत एकवटलेले दिसले. तेव्हापासून त्या वेळेच्या आधीच्या रनमध्ये मी दम राखून ठेवतो, आणि मोठं शीड त्या 25 मिनिटांसाठी काठावर तयार ठेवतो.